शिवण केंद्रातील बॉबिनची छाननी आणि खरेदी : प्रकल्प नोंदी

12 मे 2025

शाळा जूनच्या मध्यावर उघडण्यापूर्वी गणवेशाचे शर्ट शिवून द्यायचे आहेत आणि नमुन्याच्या पहिल्याच शर्टांवर एक दोष पुन्हा पुन्हा दिसत आहे. खालच्या बाजूची टीप एकसारखी पडत नाही. चार-सहा इंच ती नीट बसते, पुढे दोरा सैल पडतो, मग अचानक ओढला जाऊन कापडाला चुणी पडते आणि कधी कधी खालचा दोरा तुटूनच जातो. सुया बदलून झाल्या, वरचे टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, कमी-जास्त करून झाले, रीळही बदलून पाहिले. मशीन तेच, दोरा तोच, कापड तेच, आणि तरीही बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी चकरी, बदलली की टीप बदलते, हे कटिंग पाहणाऱ्या वहिनींनी लक्षात आणून दिले. केंद्रात सगळ्या मशिनांना मिळून बॉबिनींचा एकच पत्र्याचा डबा आहे आणि ज्या बाईला जी बॉबिन हाताला लागेल ती ती भरून घेते. त्यामुळे गणवेशाचे काम अंगावर येण्याआधी या डब्याची छाननी करावी, प्रत्येक मशीनला कोणती बॉबिन लागते हे मोजून ठरवावे आणि कमी पडतील त्या नव्या घ्याव्यात, असे आजच्या बैठकीत ठरले. नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

केंद्रातील मशिने चार प्रकारची आहेत. पायाने चालवायची काळी सरळ टिपेची मशिने सर्वांत जास्त आहेत आणि त्यांतील काहींना आता मोटार बसवली आहे. त्याखेरीज दोन ऑटोमॅटिक झिगझॅग मशिने आणि दोन जुकी आहेत. पॉवर मशीन, म्हणजे मोटारीवर चालणारे कारखान्यातले वेगवान मशीन, कोणत्याही कंपनीचे असले तरी आपल्याकडे त्याला जुकीच म्हणतात, आणि या नोंदींतही तोच शब्द त्याच अर्थाने वापरला आहे. चौथे एक जुने हातमशीन आहे, लांब शटलचे (शटल म्हणजे वरच्या दोऱ्यात खालचा दोरा गुंफणारा भाग). ते कोणी तरी देणगी म्हणून दिले होते.

14 मे 2025

डबा रिकामा करून वर्तमानपत्रावर पसरला. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमच्या जुन्या जागेतील बरेच सामान पाण्याखाली गेले होते. त्यातून वाचलेल्या बॉबिनी आजवर याच डब्यात होत्या आणि त्या ओळखायला वेळ लागला नाही. कडेच्या चकतीवरचा चकाकता मुलामा उडालेला, आतल्या नळीवर तपकिरी गंज आणि त्या गंजाला जुन्या दोऱ्याचे तंतू चिकटलेले. अशा सगळ्या बॉबिनी बाजूला काढून टाकल्या. गंजलेली बॉबिन पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरावी, अशी सूचना आली होती. ती मान्य केली नाही. घासल्याने चकतीची धार खरबरीत होते, गंज पुन्हा येतो आणि पांढऱ्या शर्टाच्या टिपेवर तपकिरी ठिपके उमटतात ते वेगळेच.

उरलेल्या बॉबिनी नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करता येतील, असे सुरुवातीला सर्वांनाच वाटले. धातूच्या सगळ्या गोल, सगळ्यांना मधोमध भोक, सगळ्या जवळजवळ एकाच मापाच्या. पण व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) लावल्यावर चित्र स्पष्ट झाले. काळ्या मशीनच्या बॉबिनीचा व्यास वीस मिलिमीटरच्या किंचित वर आणि उंची सुमारे 11.7 मिलिमीटर भरली. जुकीच्या बॉबिनीचा व्यास 21 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तितकाच, पण उंची मात्र नऊच्या आसपास. व्यासातील हा फरक बोटांना कळत नाही. उंचीतील अडीच मिलिमीटरचा फरक मात्र दोन्ही बॉबिनी काचेवर शेजारी उभ्या ठेवल्या की लगेच दिसतो. अडचण अशी की, काम करताना कोणी त्या शेजारी उभ्या ठेवून पाहत नाही. मधले भोकही दोन्हींचे सारखेच, सहा मिलिमीटरच्या जवळपास, त्यामुळे भरायच्या खुंटीवर दोन्ही सहज बसतात. जुकीची बुटकी बॉबिन काळ्या मशीनच्या बॉबिन केसमध्ये, म्हणजे बॉबिन ज्या धातूच्या डबीत बसते तिच्यात, विनातक्रार आत जाते आणि टीपही मारू लागते. नेमके म्हणूनच ती वर्षानुवर्षे चालून गेली.

तिसरा ढीग लहान निघाला. या बॉबिनींच्या चकत्या सपाट नसून मध्यभागी किंचित फुगीर आहेत आणि उंची अकरा मिलिमीटरच्या आसपास आहे. ज्या मशिनांत बॉबिन वरून आडवी टाकतात, अशा जुन्या प्रकारच्या मशीनची ही बॉबिन आहे. तसले मशीन आता केंद्रात नाही, त्यामुळे हा ढीग सरळ बाद केला. परदेशी साहित्यात बॉबिनींना 15 आणि 66 असे वर्ग-क्रमांक लावलेले आढळतात. ते सिंगर कंपनीच्या त्या त्या क्रमांकाच्या मशिनांवरून पडलेले आहेत. आपली बहुतेक काळी मशिने सिंगर 15 च्याच वंशातील असल्यामुळे त्यांना 15 वर्गाची सपाट चकतीची बॉबिन लागते, तर हा फुगीर ढीग 66 वर्गाचा आहे. बाजारात मात्र क्रमांक सांगून फारसा उपयोग होत नाही; तिथे ‘घरगुती’ आणि ‘पॉवर’ एवढेच दोन शब्द चालतात.

19 मे 2025

आज बॉबिनींऐवजी बॉबिन केस तपासल्या. बॉबिन निवडताना मशीनचे नाव किंवा कंपनी पाहण्यापेक्षा ती ज्या केसमध्ये बसणार आहे ती केस पाहावी, असे माझे मत गेल्या आठवड्यातील मोजमापांनंतर पक्के झाले आहे. एकाच कंपनीची दोन मशिने वेगवेगळी बॉबिन मागू शकतात आणि दोन भिन्न कंपन्यांच्या मशिनांना एकच बॉबिन चालू शकते. केस मात्र फसवत नाही.

काळ्या मशीनची केस हातात घेऊन तिची कळ उघडली की आत एक छोटी जीभ पुढे येते आणि बॉबिनीच्या चकतीला अडवते. योग्य उंचीची बॉबिन असेल तर कळ उघडी धरून केस उलटी केली तरी बॉबिन पडत नाही. कळ सोडताच ती सुटून तळहातावर येते. ही तपासणी प्रत्येक केसवर, योग्य आणि बुटकी अशा दोन्ही बॉबिनी घालून केली. योग्य बॉबिन घातल्यावर चकतीची कड केसच्या काठाच्या अगदी किंचित खाली राहते. बुटकी बॉबिन घातली की ती आत खोल जाऊन बसते, वर स्पष्ट फट दिसते आणि केस कानाजवळ हलवली तर खुळखुळ ऐकू येते. पायडलवर मशीन चालू झाले की हीच बॉबिन आत तिरपी होत राहते, दोरा कधी चकतीच्या वरच्या कडेला घासून निघतो तर कधी मोकळा येतो, आणि त्यामुळे खालचे टेन्शन टाक्यागणिक बदलते. वरचे टेन्शन कितीही जुळवले तरी ही तक्रार जाणार नव्हती, हे आता स्पष्ट आहे.

उलट प्रकारही करून पाहिला. काळ्या मशीनची उंच बॉबिन जुकीच्या केसमध्ये काठाच्या वर येते आणि केस शटलमध्ये बसतच नाही. म्हणजे एका बाजूची अदलाबदल मशीन स्वतःच अडवते आणि दुसऱ्या बाजूची मुकाट्याने चालू देते. भरतकामासाठी काही जण घरगुती मशीनमध्ये अशा बुटक्या, आयत्या भरलेल्या बॉबिनी मुद्दाम वापरतात हे खरे आहे, पण तिथे खालच्या टिपेकडे कोणी पाहत नाही. शर्टाच्या बगलेला दोन्ही बाजूंची टीप धुण्यात टिकायला हवी.

केसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हाती लागली. दोन केसच्या पात्याखाली, म्हणजे ज्या पातळ पट्टीखालून दोरा बाहेर येतो तिथे, गुठळी झालेला तेलकट कोंडा अडकलेला होता. जाड दोऱ्याचा तुकडा पट्टीखालून पुढे-मागे ओढून तो काढला. पट्टीचा स्क्रू आज कोणीही फिरवू नये, असे सर्वांना सांगितले आहे. योग्य बॉबिनी आल्यानंतरच तो जुळवणे अर्थपूर्ण होईल.

23 मे 2025

पुण्याला दुसऱ्या कामासाठी जाणे झाले, त्याला जोडून रविवार पेठेत शिवणसाहित्याची खरेदी उरकली. जाताना प्रत्येक प्रकारची एक केस आणि एक योग्य बॉबिन छोट्या पिशवीत घालून, पिशवीवर मशीनचे नाव लिहून बरोबर नेली होती. दुकानदारांचा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला :

“घरगुती पाहिजे का पॉवरची, ताई?”

“दोन्ही पाहिजेत, पण आधी या केसमध्ये घालून बघते, मग सांगते.”

ते हसून म्हणाले, “बघा की. केस घेऊन येणारं गिऱ्हाईक कुठं भेटतं? लोक फोनवर फोटो दाखवतात आणि चार दिवसांनी परत करायला येतात.”

त्यांनी काढलेल्या घरगुती बॉबिनींच्या दोन पाकिटांत फरक निघाला. स्वस्त पाकिटातील बॉबिनींच्या दोन चकत्या नळीवर नुसत्या दाबून बसवलेल्या होत्या, बोटात धरून पिळले की एक चकती जराशी फिरते. अशी बॉबिन भरताना दोऱ्याच्या दाबाने चकत्या फाकतात आणि ती केसमध्ये अडकते. महाग पाकिटातील बॉबिनींच्या चकत्या पक्क्या होत्या, कडा बोटाला गुळगुळीत लागत होत्या आणि काउंटरच्या काचेवर उभी घरंगळवली तर बॉबिन सरळ रेषेत जात होती. स्वस्तातली लगेच वाकडी वळली. हे काचेवर घरंगळवणे दुकानात करण्याजोगे आहे. त्याला वेळ लागत नाही आणि कोणी हरकतही घेत नाही. प्रत्येक बॉबिनीच्या चकतीला दोरा अडकवण्यासाठी एक बारीक भोक असते, त्याच्या आतल्या कडेवरून नखही फिरवून पाहिले. तिथे पत्र्याची बारीक शीर उभी राहिली असेल तर ती दोरा कापते.

प्लास्टिकच्या रंगीत बॉबिनींचे मोठे पाकीट दुकानदारांनी आग्रहाने पुढे केले, कारण रंगावरून दोरा ओळखता येतो. काळ्या मशिनांसाठी ते घेतले नाही. त्यामागचे कारण 4 जूनच्या नोंदीत येईल.

28 मे 2025

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. कोकणात तो 25 मे रोजी पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत. केंद्राच्या भिंती आताच ओलसर वाटू लागल्या आहेत, त्यामुळे बॉबिन पोलादी ठेवावी की ॲल्युमिनियमची हा प्रश्न नुसता चर्चेचा राहिला नाही.

ॲल्युमिनियमची बॉबिन गंजत नाही. पण ती मऊ असते, फरशीवर पडली की चकतीला पोचा येतो आणि खाऱ्या दमट हवेत तिच्यावर पांढरट भुकटीसारखा थर धरतो. पोलादी बॉबिन टणक असते, पण मुलामा उडाला की गंजते. काळ्या मशिनांवर मी पोलादी बॉबिनी ठेवण्याच्या बाजूने मत दिले आणि ते मान्य झाले. पायडलच्या मशीनचा वेग कमी असतो, बॉबिनीचे वजन तिथे आड येत नाही आणि बायका बॉबिन दातात धरणे, खिशात टाकणे, टेबलावरून पाडणे हे सगळे करतातच. गंजासाठी उपाय साधा ठेवला आहे : रिकाम्या बॉबिनी कोरड्या झाकणाच्या बरणीत, बरणीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ज्या बॉबिनीवर गणवेशाचा दोरा नाही ती पावसाळ्यात भरून ठेवायची नाही. भरून ठेवलेला दोरा ओल धरतो आणि नळी आतून गंजू लागते, हे पुरातून आलेल्या बॉबिनींवरूनच दिसले होते. तेलाचे बोट लावून ठेवावे, असे एका मावशींचे म्हणणे होते. पण ते तेल पुसायचे राहिले तर पांढऱ्या शर्टावर डाग पडतो, म्हणून त्याला होकार दिला नाही.

4 जून 2025

बॉबिन भरण्याच्या पद्धतीवर आजचा सगळा दुपारचा वेळ गेला आणि तो खर्ची घालण्याजोगा होता. योग्य मापाची बॉबिन चुकीची भरली तर ती चुकीच्या बॉबिनीसारखीच वागते.

गणवेशासाठी आपण पॉलिस्टरचा दोरा वापरतो. तो ताणला की किंचित लांबतो आणि मोकळा सोडला की पुन्हा आखडतो. मोटारीवर भरधाव, घट्ट भरलेल्या बॉबिनीत तो ताणलेल्या अवस्थेतच गुंडाळला जातो. तिथून निघून टिपेत बसल्यावर तो आखडतो आणि शिवण इस्त्रीखाली सपाट दिसली तरी थोड्या वेळाने तिला चुण्या पडतात. प्लास्टिकच्या बॉबिनीवर तर याचा दुहेरी परिणाम होतो. आखडणाऱ्या दोऱ्याच्या दाबाने तिच्या चकत्या बाहेरच्या बाजूला फाकतात आणि कालपर्यंत केसमध्ये मोकळी फिरणारी बॉबिन आज अडखळू लागते. आमच्या झिगझॅग मशीनच्या एका भरलेल्या बॉबिनीवर व्हर्नियर ठेवून हे प्रत्यक्ष पाहिले. नळीजवळ उंची योग्य होती, पण चकतीच्या कडेला ती वाढलेली दिसली. काळ्या मशिनांसाठी प्लास्टिक न घेण्याचे कारण हेच. मोटार लावलेल्या मशीनवर हळू भरायला कोणाला धीर नसतो.

आता ठरलेली पद्धत अशी. भरताना दोरा छोट्या टेन्शन चकतीतून न्यायचाच, हाताने धरून भरायचे नाही. पहिल्या काही वेढ्यांनंतर मशीन थांबवून भोकातून बाहेर आलेले टोक चकतीला लागून कापायचे, कारण हेच उभे राहिलेले टोक पुढे केसमध्ये शिरून गुंता करते. बॉबिन काठापर्यंत भरायची नाही, काठ आणि दोरा यांत एक-दीड मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजे. काठोकाठ भरलेली बॉबिन केसच्या आतल्या भिंतीला घासते, खालचा दोरा आवळला जातो आणि वरच्या दोऱ्याचे फासे खालच्या बाजूला दिसू लागतात. मग सगळे जण वरचे टेन्शन दोषी धरतात.

दोन काळ्या मशिनांवर बॉबिन एका बाजूला फुगून, दुसऱ्या बाजूला खोलगट भरते. त्याचे कारण भरणीच्या, म्हणजे बॉबिन भरणाऱ्या जोडाच्या, छोट्या चाकाचे रबर निघाले. ते घासून सपाट झाले आहे आणि हातचाकावर घसरते. रबराचे नवे कडे दुकानात सुटे मिळते, त्यासाठी पूर्ण भरणी बदलण्याची गरज नाही. टेन्शन चकतीची उंचीही थोडी खालवर करून दोरा नळीच्या मधोमध येईल असे जुळवून घेतले.

भरलेल्या एका पोलादी बॉबिनीवर किती दोरा मावतो, तेही दोरा उलगडून टेपने मोजले. आमच्या दोऱ्याने आणि वर सांगितल्याप्रमाणे भरल्यास तो पन्नास ते साठ मीटरच्या दरम्यान येतो. साध्या सरळ टिपेला वरचा आणि खालचा मिळून शिवणीच्या सुमारे अडीचपट दोरा लागतो, त्यातील निम्मा खालून, म्हणजे एक बॉबिन चाळीस-पंचेचाळीस मीटर शिवणीला पुरते. सकाळी प्रत्येक मशीनवर किती बॉबिनी भरून ठेवायच्या, हे यावरून ठरवता येईल. शर्टाच्या कॉलरच्या मध्यावर बॉबिन संपण्याची वेळ येऊ नये एवढाच हेतू आहे.

10 जून 2025

जुकीच्या तक्रारीचे मूळ वेगळे निघाले. तिथे बॉबिनींची उंची बरोबर आहे, पण मशीन थांबवून पुन्हा सुरू केले की पहिल्या दोन-तीन टाक्यांना खाली गुंता होतो.

काळ्या मशीनचे शटल पुढे-मागे झुलते. जुकीचे शटल मात्र एका दिशेने पूर्ण फिरते आणि प्रत्येक टाक्याला दोन फेरे घेते. मिनिटाला चार-चार हजार टाके पडत असताना आपोआप दोरा कापून मशीन क्षणात थांबते, पण आतली बॉबिन मात्र मिळालेल्या गतीने फिरतच राहते आणि गरज नसताना दोरा सोडते. तो सैल दोरा केसमध्ये वेटोळी करून पडतो आणि पुढच्या पहिल्या टाक्याला गुंततो. हे रोखण्यासाठी जुकीच्या केसच्या तळाशी एक पातळ पाकळीसारखी स्प्रिंग असते. ती बॉबिनीला हलकासा ब्रेक लावते. आमच्या एका केसमधली ही स्प्रिंग काढून टाकलेली होती, बहुधा बॉबिन सहज बसावी म्हणून. दुसऱ्या केसमध्ये ती होती, पण त्यात जड पोलादी बॉबिन वापरली जात होती.

म्हणून जुकीवर आता ॲल्युमिनियमची बॉबिन आणि स्प्रिंग असलेली केस असा जोड ठरवला आहे. हलकी बॉबिन लवकर थांबते. काळ्या मशिनांसाठी जी निवड केली त्याच्या हे अगदी उलट आहे आणि यावर आज थोडा वाद झाला, कारण सगळीकडे एकच धातू असता तर खरेदी सोपी झाली असती. पण दोन्ही मशिनांचा वेगच इतका वेगळा आहे की खरेदीची सोय पाहणे परवडणारे नाही. ॲल्युमिनियमच्या बॉबिनींना पोचे आले आहेत का, हे दर शनिवारी पाहायचे आणि पोचा दिसला की ती बॉबिन टाकून द्यायची, ही जबाबदारी जुकीवर बसणाऱ्या दोघींनी घेतली आहे.

17 जून 2025

झिगझॅग मशिनांत बॉबिन वरून, पारदर्शक झाकणाखाली टाकतात. त्यांच्या पुस्तिकेत कंपनीचीच प्लास्टिकची बॉबिन वापरावी असे छापलेले असते आणि एरवी अशा सूचनांकडे मी जरा संशयानेच पाहते. या बाबतीत मात्र ती पाळावी लागेल. मूळ बॉबिनीची उंची साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे काळ्या मशीनच्या बॉबिनीपेक्षा जेमतेम कमी, आणि त्यामुळे पोलादी बॉबिन तिथे टाकण्याचा मोह होतो. पण या मशिनांत बॉबिन ज्या वाटीत बसते ती वाटी स्वतःच प्लास्टिकची असते. जड धातूची बॉबिन तिच्या तळाला घासत राहते आणि तिथे एकदा ओरखडा पडला की दोरा त्यात अडकू लागतो. एका मशीनच्या वाटीत असे बारीक गोल ओरखडे टॉर्चच्या उजेडात दिसलेही. ती वाटी बदलावी लागेल.

बॉबिन टाकण्याची दिशाही या निमित्ताने लिहून ठेवते, कारण दोन्ही प्रकारांत ती वेगळी आहे. काळ्या मशीनच्या केसमध्ये बॉबिन घालून, उघड्या बाजूने पाहत दोरा ओढला तर ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरली पाहिजे. झिगझॅगच्या वाटीत वरून पाहताना उलट दिशेने. मागचे कारण दोन्हीकडे एकच आहे. दोरा खाचेतून निघताना मागे वळून पट्टीखाली गेला, तरच तो पट्टीखाली टिकून राहतो. सरळ निघाला तर हिसक्यासरशी पट्टीबाहेर सरकतो आणि टेन्शन शून्य होते.

24 जून 2025

लांब शटलच्या हातमशीनचा निर्णय आज झाला. ते सिंगर 28 आहे, स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यातून आलेले. तो कारखाना 1885 मध्ये सुरू होऊन 1980 मध्ये बंद पडला. याची बॉबिन गोल नसून लांब बारीक दांडीसारखी असते, दोन टोकांना छोट्या टिकल्या, आणि ती बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या शटलमध्ये जाते. बरोबर आलेल्या बॉबिनींपैकी काहींच्या टिकल्या सैल आहेत. नव्या मिळतात, पण त्यांच्या मापात इतका फरक असतो की काही शटलमध्ये अडकतात. गणवेशाच्या कामात हे मशीन धरायचे नाही, नव्या मुलींना हात बसवण्यासाठी ठेवायचे आणि त्याच्या चांगल्या बॉबिनी शटलसकट त्याच मशीनच्या खणात ठेवायच्या, असे ठरले.

2 जुलै 2025

योग्य बॉबिनी लागल्यावर केसचे स्क्रू जुळवले. पद्धत जुनीच आहे. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याने लोंबकळती धरायची आणि मनगटाला हलका झटका द्यायचा. केस दोन-तीन बोटे खाली सरकून थांबली तर टेन्शन योग्य. सरसर खाली गेली तर स्क्रू किंचित आवळायचा, जागची हललीच नाही तर सैल करायचा. पाव आट्याच्या वर एका वेळी फिरवायचा नाही. काळ्या मशिनांच्या बहुतेक केस एका-दोन झटक्यांत जुळल्या. याच केसवर पूर्वी बुटकी बॉबिन घालून स्क्रू आवळत गेल्याच्या खुणा स्क्रूच्या डोक्यावर दिसतात, खाच झिजून गोल झाली आहे. असे दोन स्क्रू बदलावे लागतील.

गणवेशाच्या दुसऱ्या गठ्ठ्यातील शर्ट उलटे करून बगल आणि खांद्याची शिवण पाहिली. टीप एकसारखी आहे. जुकीवरचा सुरुवातीचा गुंता स्प्रिंग असलेल्या केसवर गेला आहे. दुसऱ्या जुकीची नवी केस अजून यायची आहे, तोवर तिथे दर वेळी सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोके धरूनच शिवायचे आहे.

11 जुलै 2025

सामाईक डबा बंद केला. प्रत्येक मशीनच्या खणात त्याच्याच बॉबिनी आहेत. काळ्या मशिनांच्या खणांवर काळा, जुकीवर निळा आणि झिगझॅगवर लाल ठिपका रंगवला आहे. बॉबिनींवर काहीही रंगवलेले नाही, कारण रंगाचा थर चकतीची जाडी वाढवतो आणि उडालेला कपचा केसमध्ये जातो. एका मशीनची बॉबिन दुसऱ्यावर न्यायची झाल्यास आधी केसमध्ये घालून, उलटी करून पाहायचे.

पुढील मागणीची यादी दुकानदारांना आजच कळवली : काळ्या मशिनांसाठी पक्क्या चकतीच्या सपाट पोलादी बॉबिनी, जुकीसाठी ॲल्युमिनियमच्या बॉबिनी आणि स्प्रिंगसह एक केस, झिगझॅगची एक वाटी, भरणीच्या चाकाची रबरी कडी दोन, केसचे स्क्रू दोन. सुट्या बॉबिनींचा भाव केसपुढे नगण्य असल्याने बॉबिनी प्रत्येक मशीनला सहा या हिशेबाने मागवल्या आहेत. माल आल्यावर प्रत्येक पाकिटातील दोन-तीन बॉबिनी काचेवर घरंगळवून आणि व्हर्नियरने उंची मोजून मगच बिल चुकते करावे, अशी नोंद हिशेबाच्या वहीत करून ठेवली आहे.